वाढप्याचं दुखणं

देवासच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं गिअर तपासणारे रघुजी जगदाळे कुणाला फारसे ठाऊक नाहीत. पण ‘वाढपी रघुजी’ म्हणा, देवासपासून धारपर्यंतची मराठी घरं लगेच ओळखतात. कारखान्याने त्यांना हार घालून, भिंतीवरचं घड्याळ देऊन निवृत्त केलं. पंगतीतून मात्र ते निवृत्त व्हायला तयार नव्हते.

वाढणं त्यांच्या घराण्यात धारहून आलं. पणजोबा म्हणे संस्थानच्या मुदपाकखान्यावर होते. म्हणे, कारण कागद कुणाकडेच नाही, आणि जगदाळ्यांना कागद विचारायची हिंमतही कुणी करत नाही. वडिलांनी रघुजींच्या हातात आठव्या वर्षी मिठाची ताटली दिली, पंधराव्या वर्षी कोशिंबीर आणि लग्न झाल्यावर वरणाची बादली. तेव्हापासून सोनकच्छला मुंज असो, पीपलरावांत बारसं असो, नाहीतर धरणात बुडालेल्या निसरपुरातून उठून नव्या वसाहतीत गेलेल्या स्नेह्यांची वास्तुशांत असो, उपरणं कमरेला घट्ट बांधलेले रघुजी पंगतीत हजर असत.

बादली काय, कुणीही उचलेल. रघुजींची खरी विद्या होती ‘नको’ ओळखण्याची. जेवणारा माणूस खरं बोलत नाही, हे त्यांचं ठाम मत. तोंडाने ‘नको, नको’ म्हणतोय आणि हात मांडीवरच आहे, त्याला बिनधास्त वाढावं. पानावर हात आडवा धरलाय, पण बोटं फाकलेली आहेत, त्याला एक लाडू हवा आहे. शेजारच्याच्या पानाकडे बघत ‘नको’ म्हणतोय, त्याच्याकडे परतीच्या फेरीत यावं. आणि ज्याने दोन्ही तळवे पानावर सपाट ठेवले, अंगही पुढे झुकवलं, त्याचा ‘नको’ खरा. तिथे एक शब्द न बोलता पुढे सरकायचं. “त्यानंतर जो वाढतो तो वाढपी नव्हे, दरोडेखोर,” असं ते नव्या पोरांना बजावत.

अशा या माणसाची कंबर गेल्या चार वर्षांपासून दगा देत होती. वाकलं की चालायचं, पण वाकून सरळ होताना पाठीच्या खालच्या अंगाला अशी कळ यायची, की डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. धारच्या घरात वळणच तसं होतं. कुणी “प्रकृती कशी?” विचारलं की उत्तर एकच, “आपल्या कृपेनं आनंद आहे.” वडिलांचा पाय मोडला होता, तेव्हाही खाटेवर पडून त्यांनी आल्या-गेल्याला हेच ऐकवलं होतं. दुखणं सांगणं म्हणजे पाहुण्याच्या डोक्यावर ओझं ठेवणं, अशी त्या घराची समजूत.

पण गेल्या वर्षी गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या पंगतीत, ते झाकता आलं नाही. तिसऱ्या रांगेत रघुजी वरण वाढायला वाकले आणि तसेच राहिले. समोरच्या आजोबांना वाटलं हा आपल्याला नमस्कारच करतोय, म्हणून त्यांनी भाताच्या हाताने आशीर्वाद दिला. मागच्या भाजीवाल्याला वाटलं पळी पडली असेल. शेवटी दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उभं केलं, तेव्हा चेहरा पांढरा पडला होता, आणि तोंडाने मात्र चालू होतं, “काही नाही, काही नाही, भात निवतोय, पुढे चला.”

मंडळाचे सचिव मार्तंडराव शितोळे हे रघुजींचे कारखान्यापासूनचे मित्र. बोलणं अस्सल माळव्याचं, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. त्यांनी यंदा आषाढातच विषय काढला.

“देख भिया, साफ बोलतो. तू उभा राहिला तर पंगत. नाही तर यंदा बफे. पोरांना वाढता येत नाही, आणि लोकांना जमिनीवर बसवून उपाशी ठेवणं मला नाही जमणार.”

“बफे?” रघुजींनी तो शब्द असा उच्चारला की शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी नलिनीताई दचकल्या. “माणसं हातात ताटली धरून रांगेत उभी करणार? गणपतीसमोर?”

“मग कंबर सुधार. गणपती बसायच्या आधी मला हां की ना सांग. पत्रावळी सांगायच्या की टेबलं, तेवढंच.”

म्हणजे वेळ होता जेमतेम दोन महिन्यांचा. मंडळात एकदा टेबलं आली की पुन्हा पत्रावळी येत नाहीत, हे रघुजींनी दुसऱ्या तीन मंडळांत बघितलं होतं. देवासची शेवटची मोठी पंगत आपल्या कमरेपायी उठणार, ही गोष्ट त्यांना कळेपेक्षा जास्त लागली. म्हणून, केवळ म्हणून, ते डॉक्टरकडे जायला कबूल झाले.

इंदूरला दुखण्यावरच्या उपचारांचा एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टर नीरजा पस्तिशीच्या, आजोळ धारचं, शिक्षण सगळं हिंदीतलं. त्यांनी रघुजींना वाकवलं, वळवलं, मागे झुकवलं, फोटो बघितले आणि समजावून सांगितलं. मणक्यांच्या मागे लहान लहान सांधे असतात. ते झिजले की तिथलं दुखणं केसाएवढ्या नसांवाटे वर पोचतं. आधी त्या नसांजवळ बधिर करायचं औषध सोडून बघायचं. त्याने काही तास आराम पडला, तर दुखणं तिथलंच हे पक्कं. मग सुईच्या टोकाने त्या नसा तापवून निकामी करायच्या. चिरफाड नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी.

“आता सांगा काका, झीरो ते दस. झीरो म्हणजे अजिबात दर्द नाही, दस म्हणजे बर्दाश्तच्या बाहेर. तुमचं किती?”

“असेल... दोन-तीन,” रघुजी नम्रपणे म्हणाले. “आपल्या कृपेनं चाललंय.”

नलिनीताईंनी पदराआड ओठ आवळले. बाहेरच्या माणसापुढे नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे त्यांच्या माहेरचं वळण. दोन्ही घरची वळणं अशी एकाच खोलीत समोरासमोर आली आणि बिचाऱ्या डॉक्टरने ‘तीन’ लिहून घेतलं.

आठवड्याने तपासणीचं इंजेक्शन झालं. त्या दिवशी दुखण्याची गोळी घ्यायची नव्हती, आणि सुईनंतर घरी जाऊन मुद्दाम तीच कामं करायची होती ज्यांनी दुखतं. सोबत एक कागद दिला होता. दर तासाला दुखण्याचा आकडा त्यावर मांडायचा. हे काम नातीकडे आलं. अपेक्षा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मराठी बोलायची फाडफाड, वाचायची मात्र अडखळत. कागद हिंदीत असल्यामुळे खूष होती.

घरी येऊन तासभर झाला असेल नसेल, रघुजी गच्चीवर गेले. बादलीत पाणी भरलं, अपेक्षाला भिंतीशी बसवलं, तिच्या पुढे नऊ विटा ओळीने मांडल्या आणि दहा जणांची पंगत वाढायला सुरुवात केली. वाकले, सरळ झाले. वाकले, सरळ झाले. एकदा, दोनदा, पाच वेळा. पाचव्या वेळी ते मोठ्याने हसले. चार वर्षांत अपेक्षाने ते हसणं ऐकलं नव्हतं. विटांना त्यांनी आग्रह केला, एका विटेला ‘अहो, संकोच करू नका’ असंही म्हणाले.

“आबासाहेब, आता नंबर बोला. किती?” अपेक्षाने पेन काढलं.

“लिही, दोन.”

“बस? सकाळी तीन होता, आता दोन?”

“दोन म्हणजे दोन. लोकांपुढे उगाच उड्या मारू नयेत.”

तिने दोन लिहिलं. संध्याकाळी औषध उतरलं, रघुजी भिंतीला धरून जिना उतरले, तेव्हा विचारलं तर म्हणाले, “तीन लिही.”

पुढच्या भेटीत डॉक्टर नीरजांनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला. “काका, सॉरी. तीनचा दोन झाला, म्हणजे फायदा फारसा नाही. निदान चारातले तीन हिस्से दर्द तरी जायला पाहिजे. नाही तर नस जाळून उपयोग नाही, उगाच सुया खाल. तुमचा दर्द तसाही कमीच आहे. एक्सरसाइज करू या.”

रघुजींनी मान डोलावली. “आपण म्हणाल तसं,” म्हणाले. उठताना त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले, आणि सरळ होताना श्वास रोखला. त्यांच्या डोळ्यांसमोर लांबलचक टेबलं मांडली गेली असणार, कारण चेहरा पार उतरला होता.  माणूस स्वतःच्याच पंगतीतून उपाशी उठत होता आणि वर ‘पोट भरलं’ म्हणत होता.

अपेक्षाला ते दिसलं. कागदावरचा दोन दिसला, गच्चीवरचं हसणंही आठवलं.

“एक मिनिट, मॅडम,” ती म्हणाली. “आबासाहेब खोटं बोलून राहिले.”

“अपेक्षा!” नलिनीताई.

“नाही आज्जी, ऐक न. हे झूठ नाही, हे ‘नको’ आहे. आबासाहेब, तुम्हीच शिकवलं न, जेवणारा खरं बोलत नाही म्हणून? अख्ख्या देवासचं ‘नको’ तुम्ही समजता. मग तुमचं कोण समजणार?”

 डॉक्टर नीरजा आधी गोंधळल्या, मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूच काहीतरी उमटलं. धारच्या आजोळी त्याही पंगतीला बसल्या होत्या. त्यांनी टेबलावरची स्टीलची ताटली रिकामी केली, रघुजींपुढे ठेवली आणि घसा तपासायच्या लाकडी पट्ट्यांचा डबा अपेक्षाच्या हातात दिला.

“वाढ,” त्या म्हणाल्या.

अपेक्षाने कमरेला ओढणी बांधली. “आबासाहेब, सकाळी उठता तेव्हाचं दुखणं.” तिने एक पट्टी ठेवली. दुसरी, तिसरी.

“पुरे,” रघुजी म्हणाले. हात मांडीवरच होता.

चौथी. “अगं, पुरे.” हात मांडीवरच. पाचवी. रघुजींनी नलिनीताईंकडे बघितलं. सहावीला त्यांचा हात ताटलीवर आला, पण बोटं फाकलेली होती, आणि अपेक्षाने त्या फटीतून अलगद सातवी घातली. आठवी ठेवली मात्र, रघुजींचे दोन्ही तळवे ताटलीवर सपाट पडले आणि ते पुढे झुकले.

अपेक्षा थांबली. जराही पुढे गेली नाही.

“आठ,” डॉक्टर नीरजांनी लिहिलं.

मग अपेक्षाने ताटली रिकामी केली. “आता इंजेक्शननंतर, गच्चीवरचं.” तिने एक पट्टी ठेवली, आणि रघुजींचे दोन्ही हात लगेच ताटलीवर आले. आठाचा एक झाला होता. डॉक्टर खुर्चीला टेकून खळखळून हसल्या. म्हणाल्या, “इतने साल झाले प्रॅक्टिसला, असा पेन स्केल नाही पाहिला.” नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा तपासणीचं इंजेक्शन व्हायला हवं होतं, तेही आठवड्याने झालं. त्या वेळी घरी कागदासोबत ताटलीही मांडली होती. पुन्हा आठाचा एक.

 ताटलीच्या त्या दिवशी परतताना, क्षिप्रेचा पूल मागे पडल्यावर, नलिनीताई गाडीत बोलल्या.

“आठ. चार वर्षं आठ, आणि मला रोज सकाळी ‘आनंद आहे’. अहो, मी परकी का आहे?”

 रघुजींना खरोखर वाईट वाटलं. लोकांना दुखणं सांगू नये हे त्यांना शिकवलं होतं. बायको लोकांत मोडत नाही, हे कुणी वेगळं सांगितलं नव्हतं. “चुकलं माझं,” ते म्हणाले. नलिनीताईंनी डब्यातली शेव त्यांच्या पुढे केली, म्हणजे प्रकरण मिटलं.

तारीख ठरली ती गणपतीच्या पंधरा दिवस आधीची. तयारी रघुजींनी कार्याच्या यादीसारखी केली. हृदयासाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, आधी तिच्या डॉक्टरला विचारायचं; विचारलं, त्यांनी चार दिवस थांबवायला सांगितली. ताप-खोकला आला तर कळवायचं. आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ. सैल पायजमा. अंगठी काढून ठेवायची. सोबत गाडी चालवणारं कुणीतरी. आणि सकाळपासून पोटात काही नाही.

या शेवटच्या कलमावर मात्र वाद झाला. “उपाशी पोटी कुणाला घराबाहेर काढायचं नाही, ही आमची रीत,” रघुजी म्हणाले. “मग तुमची रीत आज घरीच ठेवा,” नलिनीताई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना मोकळेपणी बोलायची सवय लागली होती, आणि ती त्यांना मानवत होती.

उपचार होता पाऊण तासाचा. रघुजींना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. पूर्ण बेशुद्ध करत नाहीत, कारण पेशंटने बोलायला हवं. क्ष-किरणाच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी बारीक सुया जागेवर नेल्या, आणि नस तापवायच्या आधी हलकासा करंट सोडून विचारलं, “काका, झिणझिण येते? खरं सांगायचं बरं का.”

“येते, पण थोडी.”

“आणि आता?”

“अजून वाढा, संकोच करू नका.”

नर्सला हसू आवरेना. डॉक्टर म्हणाल्या, “हसायचं नाही, सुई हलेल.” मग पायात काही येत नाही ना, हेही विचारलं. नाही, म्हणाले, आणि ते खरंच नाही होतं. त्यानंतर जागा बधिर करून प्रत्येक नस दीड-दोन मिनिटं तापवली. रघुजींना आत कुठेतरी खोल दाब आणि ऊब जाणवली, तेवढंच. संध्याकाळी पाचाला अपेक्षाने गाडी देवासला आणली. घराच्या पायरीवर त्यांनी आधी देवीच्या टेकडीकडे बघून हात जोडले आणि मग चहा-बिस्किटं मागितली.

डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं की आधी दुखेल. नस लगेच शांत होत नाही. आठ-दहा दिवस उन्हाने भाजल्यासारखी आग होईल, बर्फ कापडात गुंडाळून लावा, वजन उचलू नका, थोडं थोडं चाला. आराम दोन-तीन आठवड्यांत. वर्ष-दीड वर्षाने नस पुन्हा उगवू शकते. उगवली तर पुन्हा बघू. हे सगळं रघुजींनी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि पाठ जळत असताना लक्षात ठेवणं वेगळं.

पाचव्या दिवशी दुखणं आधीपेक्षा जास्त वाटायला लागलं. सहाव्या दिवशी नलिनीताईंनी सकाळी विचारलं, “कसं आहे?” रघुजींच्या तोंडावर ‘आनंद’ आला होता. तो त्यांनी गिळला.

“वाईट आहे,” ते म्हणाले. “सात तरी असेल. मला भीती वाटते गं, फुकट गेलं सगळं. मार्तंडचा फोन आला तर काय सांगू?”

नलिनीताईंनी बर्फाची पिशवी आणली, टॉवेलात गुंडाळली, त्यांच्या पाठीशी धरून बसल्या. दुःखाची बातमी होती, तरी त्यांना मनातून फार बरं वाटलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याने त्यांना खरा आकडा सांगितला होता.

“मार्तंडरावांना सांगा, अजून वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “आणि सांगताना कण्हू नका.”

मार्तंडराव रोज फोन करत. “भिया, पत्रावळी की टेबल?” रघुजी म्हणत, “थांब.” दहाव्या दिवशी म्हणाले, “थांब.” बाराव्या दिवशी मार्तंडराव म्हणाले, “अब और कितना, यार? परसों पक्कं सांग. टेबलवाला दुसरीकडे चाललाय.”

चौदाव्या दिवशी सकाळी रघुजी अंगणात चालत होते. तुळशीपाशी नलिनीताई लाल माठ निवडत बसल्या होत्या. वाऱ्याने वर्तमानपत्राचं पान उडून जमिनीवर आलं. रघुजी वाकले, पान उचललं, सरळ झाले, घडी केली आणि पुढे चालायला लागले. चार पावलांनी त्यांच्या लक्षात आलं की मागे भाजी निवडल्याचा आवाज थांबलाय. वळून बघितलं तर नलिनीताई हातातली जुडी तशीच धरून त्यांच्याकडे बघत होत्या.

“काय झालं?” रघुजी म्हणाले.

“तुम्ही वाकलात.”

रघुजींनी हातातल्या पानाकडे बघितलं. मग मुद्दाम ते पुन्हा जमिनीवर टाकलं, पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा टाकायला निघाले तेव्हा नलिनीताई ओरडल्या, “पुरे! पंगतीला राहू द्या थोडं.”

मार्तंडरावांना फोन गेला. “पत्रावळी सांग,” रघुजी म्हणाले, आणि मागून कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला तो मार्तंडरावांना स्पष्ट ऐकू आला, पण त्यांनी विचारलं नाही; मित्राने तेवढं पाळायचं असतं.

एक अट डॉक्टर नीरजांनी घातली. बादली नाही, म्हणजे नाही. सहा आठवडे वजन बंद, आणि वाकायचं ते गुडघ्यात आणि खुब्यात, कमरेत नाही. वरणाची बादली सोडायची म्हणजे रघुजींना पद सोडल्यासारखंच होतं.  मग नलिनीताईंनीच सुचवलं की तूप घ्या. भांडं लहान, वजन नाही, आणि तूप पडल्याशिवाय पंगतीत कुणी घास उचलत नाही. रघुजींनी विचार केला. वडिलांनी म्हातारपणी बादली सोडून तूपच घेतलं होतं, हे त्यांना आठवलं. वडिलांची कंबरही अशीच दुखत असणार, हेही तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

बादली अपेक्षाकडे आली. तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन रघुजींनी गच्चीवर वर्ग भरवला. पुन्हा विटा मांडल्या. “तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा,” असं शिकवलं. एका मुलीने हिंदीत विचारलं, “और कोई सच में मना करे तो?” रघुजींनी दोन्ही तळवे विटेवर ठेवून दाखवलं. “तो आगे बढ़ो. उसका मान रखो.”

महाप्रसादाच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पाच रांगा बसल्या. भात पडला, वरण पडलं. अपेक्षाने पहिल्याच रांगेत एका पोटवाल्या काकांचा ‘नको’ अचूक ओळखला, आणि काका तृप्त हसले. मग हातात तुपाचं भांडं घेतलेले रघुजी आले. हॉलमधलं बोलणं जरा मंदावलं, कारण मागच्या वर्षीची तिसरी रांग सगळ्यांना आठवत होती. मार्तंडराव दाराशी उभे होते. नलिनीताईंनी डोळे मिटले होते.

रघुजी पहिल्या पानाशी गुडघ्यात वाकले, तुपाची धार सोडली, सरळ झाले. दुसऱ्या पानाशी. तिसऱ्या. तिसऱ्या रांगेत गेल्या वर्षीचेच आजोबा बसले होते. त्यांनी सवयीने आशीर्वादाला हात उचलला आणि रघुजी सरळ झालेले बघून तो तसाच हवेत ठेवला. कुणीतरी हसलं, मग सगळा हॉल हसला. पाचव्या रांगेचं शेवटचं पान झालं, श्लोक झाला आणि पंगत जेवायला लागली. नलिनीताईंनी डोळे उघडले.

सगळ्यांत शेवटी वाढप्यांची पंगत असते. चार वर्षं रघुजी तिला बसले नव्हते, कारण बसलं की उठता येत नसे; ते ‘भूक नाही’ म्हणून उभ्याउभ्याच ताक पीत. आज ते मांडी घालून बसले. शेजारी नलिनीताई होत्या, समोर इंदूरहून आलेल्या डॉक्टर नीरजा. त्यांचे तीन ‘नको’ रघुजींनी मघाशीच मोडून काढले होते.

“काका,” डॉक्टरांनी विचारलं, “आता किती?”

“दोन,” रघुजी म्हणाले.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. लाडवांची परात घेऊन अपेक्षा आजोबांच्या पानासमोर येऊन उभी राहिली. एक लाडू ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा हातात घेऊन ती त्यांच्या हातांकडे बघत थांबली.

रघुजींनी दोन्ही तळवे पानावर सपाट ठेवले आणि पुढे झुकले. अपेक्षा परात घेऊन पुढच्या पानाकडे सरकली.